नरामागे नर : ड्रोसोफिलाच्या निरीक्षणातून

पिकून मऊ पडलेल्या केळ्यावर, संत्र्याच्या सालीवर किंवा रसवंतीबाहेर टाकलेल्या उसाच्या चिपाडावर घोटाळणारी, अडीच-तीन मिलिमीटर लांबीची आणि तांबड्या डोळ्यांची जी बारीक माशी घरोघरी चिलट म्हणून हाताने उडवून लावली जाते, तिच्याच कुळातली ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर ही जात विसाव्या शतकाच्या आरंभापासून आनुवंशिकीच्या अभ्यासाचे मुख्य साधन ठरली आहे. कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली तांबड्या डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला आणि जनुके गुणसूत्रांवर असतात हे त्या नराच्या संततीवरून सिद्ध होत गेले. पुढे १९३३ साली मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शेतकरी जिला फळमाशी म्हणतात ती टेफ्रिटिडी कुळातली मोठी माशी वेगळी. ती धडधाकट फळाला डंख करून आत अंडी घालते, तर ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर आंबू लागलेल्या फळावरच्या किण्वावर, म्हणजे यीस्टवर, जगते आणि उभ्या पिकाला सहसा त्रास देत नाही. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात, जिथे कीटक म्हटला की बोंडअळी, मावा आणि तुडतुडे हीच नावे आधी ओठांवर येतात, तिथे कोणाचेही नुकसान न करणाऱ्या या माशीच्या प्रणयाचा, आणि त्यातही एका नराने दुसऱ्या नराच्या केलेल्या प्रणयाराधनाचा अभ्यास कशासाठी करावा, असे अभ्यासकाला सहकारी विचारतात, विद्यार्थी विचारतात आणि क्वचित घरचेही विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर काम करता करताच हाती येते, कारण एका कीटकाने दुसऱ्याला आपल्या जातीचा, नर किंवा मादी म्हणून कशावरून ओळखले, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत आणि पऱ्हाटीच्या वावरात टांगलेल्या सापळ्यात सारखाच असतो.

हे काम उभे करण्यास सामग्री थोडी लागते, परंतु ती सांभाळण्याची शिस्त मोठी आहे. माश्यांचे अन्न, ज्याला संवर्धन माध्यम म्हणतात, ते भारतातील बऱ्याच प्रयोगशाळांत रवा, गूळ आणि अगर, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारा गोठवणारा पदार्थ, यांपासून शिजवतात. लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम रवा, तेवढाच गूळ, सुमारे १० ग्रॅम अगर आणि बुरशी धरू नये म्हणून थोडे प्रोपिऑनिक आम्ल हे प्रमाण रूढ आहे. शिजलेले माध्यम बाटल्यांत ओतून, ते थिजल्यावर त्यावर यीस्टचे कण भुरभुरून, बाटलीचे तोंड कापसाच्या घट्ट बोळ्याने बंद केले की माश्यांचे घर तयार होते, आणि तो कापूस पाणी न शोषणारा, म्हणजे सरकी काढलेला पण अंगचे मेण न धुतलेला असावा लागतो, ही गोष्ट जिनिंगच्या गावांत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. २५ अंश सेल्सिअस तापमानात अंडे एक दिवस, अळी चार दिवस आणि कोश चार-पाच दिवस अशा क्रमाने साधारण १० दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. तापमान ३० अंशांच्या आसपास राहिले की नर वांझ होऊ लागतात आणि त्याहून वर गेले की वसाहतच टिकत नाही. यवतमाळात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे तापमान स्थिर राखणारी पेटी आणि वीज गेल्यावर तिला चालू ठेवणारी सोय या दोन्हींवाचून उन्हाळ्यातला प्रयोग आरंभू नये हेच बरे. जिल्ह्यातील माश्यांचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, जेव्हा बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात आणि खोलीचे तापमान आपोआप माशीला मानवेल असे होते.

वर्तनाच्या प्रयोगात माशीचा पूर्वानुभव हा सर्वांत अवघड घटक असतो. कोशातून बाहेर पडल्यावर पहिले काही तास मादी नराला स्वीकारत नाही, म्हणून २५ अंशांवर वाढलेल्या माद्या निघाल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या काढल्या तर त्या कुमारी आहेत असे खात्रीने धरता येते, आणि यासाठी पहाटे प्रयोगशाळा उघडून बाटल्या रिकाम्या करणे व दुपारी पुन्हा येऊन नव्याने निघालेल्या माश्या निवडणे हा नेम पाळावा लागतो. नराची ओळख पोटाच्या काळसर टोकावरून आणि पुढच्या पायांवरच्या जाड काळ्या केसांच्या छोट्या ओळीवरून, ज्याला लिंगकंगवा म्हणतात, पटते. नुकत्याच निघालेल्या फिकट माशीच्या बाबतीत पोटाचा रंग फसवतो, कंगवा फसवत नाही. वेगळे काढलेले नर एकेकटे वाढवायचे की घोळक्यात, हे प्रयोगापूर्वी ठरवून वहीत लिहावे लागते, कारण पुढे दिसेल त्या वर्तनाचा अर्थ या एका नोंदीवर अवलंबून राहतो. माश्या बेशुद्ध करण्यासाठी वर्गात वापरला जाणारा ईथर वर्तनावर परिणाम करतो, म्हणून निरीक्षणाच्या दिवशी त्या तोंडाने ओढायच्या जाळीदार नळीने एकेक उचलून साधारण एक सेंटिमीटर व्यासाच्या कोठडीत सोडल्या जातात.

कोठडीत नर व कुमारी मादी एकत्र आल्यावर जे घडते त्याचा क्रम इतका ठरलेला आहे की विद्यार्थी तो थोड्या सरावाने ओळखू लागतात. नर मादीकडे तोंड करून उभा राहतो, तिच्यामागे चालतो, पुढच्या पायाने तिच्या पोटाला हलका स्पर्श करतो, मग एकच पंख आडवा पसरून तो कंपित करतो, तिच्या जननभागाला सोंडेने स्पर्श करतो आणि अखेर पोट वाकवून मिलनाचा प्रयत्न करतो. मादीने स्वीकारले तर मिलन साधारण २० मिनिटे चालते. पंखाचे कंपन हे गाणेच असते, त्यातल्या दोन ठोक्यांमधले अंतर या जातीत सुमारे ३५ मिलिसेकंद असते आणि जवळच्या इतर जातींत ते वेगळे असते, त्यामुळे मादीला ऐकूनही आपल्या जातीचा नर निवडता येतो. मॉर्गन यांचे सहकारी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१५ साली, आजच्या सोयी नसताना, नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगाने या क्रमाचे जे वर्णन केले, ते आजही प्रयोगवहीशेजारी ठेवून तपासावे इतके नेमके आहे. या प्रणयाचे मोजमाप करण्याची रीत सोपी आहे: ठरावीक अवधीत, बहुधा १० मिनिटांत, नराने किती वेळ प्रणयाराधनात घालवला याचे प्रमाण काढायचे, आणि त्याला प्रणयनिर्देशांक म्हणायचे.

मादीऐवजी दुसरा नर सोडला तर काय घडते, हे पाहताना निरीक्षकाच्या संयमाची खरी परीक्षा होते. निरोगी, रानटी वाणाचा प्रौढ नर दुसऱ्या प्रौढ नराकडे वळतो, कधी त्याच्यामागे काही पावले जातो, त्याला पायाने शिवतो, क्वचित पंखही पसरतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर थांबतो. ज्याच्यामागे तो लागला तो नर पंख झटकतो, लाथ मारतो किंवा दूर जातो. हे काही क्षणांचे वर्तन नोंदवहीत 'काही नाही' या रकान्यात टाकण्याचा मोह अनेकांना होतो, कारण पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत नर आणि मादीच असतात आणि अपेक्षित नसलेली गोष्ट डोळ्यासमोर घडूनही ती नोंदण्याजोगी वाटत नाही. परंतु तीच कोठडी, तोच नर ठेवून त्याच्यासमोर कोशातून नुकताच निघालेला कोवळा नर सोडला, तर प्रौढ नर त्याच्याभोवती अगदी मादीभोवती फिरावे तसा जोमाने फिरतो, गातो आणि मिलनाचा प्रयत्नही करतो, कारण कोवळ्या नराच्या त्वचेवर प्रौढ नराचे गंध अद्याप उतरलेले नसतात. अशा कोवळ्या नरांचा सहवास काही काळ घडला की प्रौढ नराचा त्यांच्याकडील ओढा कमी होतो. म्हणजे माशी शिकते, आणि जे शिकली ते काही काळ लक्षात ठेवते. ज्या वर्तनाला केवळ गफलत म्हणून सोडून दिले असते, त्याच्यातून ओळख, स्मृती आणि वय या तीन गोष्टींचा धागा हाती लागतो, आणि या कामातला पहिला खरा आनंद अभ्यासकाला इथे मिळतो.

या विषयाचा आरंभ एका भारतीय संशोधकाच्या नावाशी जोडलेला आहे, ही गोष्ट भारतातल्या प्राणिशास्त्राच्या वर्गांत जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. कुलबीर गिल हे अमेरिकेतील येल विद्यापीठात माशीच्या अंडनिर्मितीच्या आनुवंशिकीवर काम करत असताना, क्ष-किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, माश्यांचा एक वाण त्यांना आढळला, ज्यातले नर माद्यांबरोबर इतर नरांचेही तितक्याच उत्साहाने प्रणयाराधन करत, एकामागे एक लागून साखळ्या करत आणि माद्यांशी मिलन मात्र पूर्ण करत नसत. गिल यांनी १९६३ साली हा शोध अवघ्या छोट्या टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यांचा मूळ विषय वेगळा असूनही त्यांनी ती बाटली फेकून न देता तिच्यात काय चालले आहे ते लिहून ठेवले, आणि पुढचे सारे संशोधन त्या लिहिण्यावर उभे राहिले. गिल यांनी जनुकाला दिलेले नाव अमेरिकी बोलीत हिणवणारे ठरत असल्याने पुढे ते बदलून 'फ्रूटलेस', म्हणजे निष्फळ, असे करण्यात आले. ब्रँडाइस विद्यापीठातील जेफ्री हॉल, ज्यांना जैविक घड्याळावरील कामासाठी २०१७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्यांनी १९७८ साली या नरांच्या वर्तनाचे पद्धतशीर मोजमाप करून ते जगापुढे ठेवले. जपानमध्ये दाइसुके यामामोतो यांच्या गटाला याच जनुकाचा आणखी एक उत्परिवर्ती वाण सापडला, ज्यातले नर माद्यांकडे फिरकत नसत. बौद्ध परंपरेतील बोधावस्थेवरून त्यांनी त्याला 'सातोरी' असे नाव दिले.

जनुकाची रासायनिक रचना १९९६ साली अमेरिकेतील व जपानमधील गटांनी उलगडली, आणि तिच्यातून जे दिसले ते विचार करायला लावणारे आहे. फ्रूटलेस हे जनुक नरात आणि मादीत सारखेच असते. फरक पडतो तो त्याच्या संदेशाची जुळणी करताना, म्हणजे जनुकावरून उतरलेल्या लांब संदेशातले कोणते तुकडे ठेवायचे आणि कोणते गाळायचे हे ठरताना. नराच्या चेतापेशींत या जुळणीतून एक विशिष्ट प्रथिन तयार होते, मादीत ते तयार होत नाही. व्हिएन्ना येथील एबरू डेमिर आणि बॅरी डिक्सन यांनी २००५ साली मादीत नराच्या पद्धतीची जुळणी घडवून आणली, तेव्हा त्या माद्या दुसऱ्या माद्यांच्या मागे जाऊ लागल्या, त्यांना पायाने शिवू लागल्या आणि पंख पसरून गाऊ लागल्या. उलट नरात ती जुळणी मादीसारखी केली तेव्हा नरांचे प्रणयाराधन मंदावले आणि जे उरले ते नर-मादी असा भेद न करता झाले. वर्तनाचा एवढा गुंतागुंतीचा क्रम एका जनुकाच्या जुळणीवर अवलंबून असावा याचे आश्चर्य वाटते, परंतु हे जनुक सर्व काही ठरवते असे म्हणणेही टिकत नाही. युफेंग पान आणि ब्रूस बेकर यांनी २०१४ साली दाखवले की, या जनुकाचे नरविशिष्ट प्रथिन नसलेले नर एकेकटे वाढवले तर प्रणयाराधन करत नाहीत, पण इतर माश्यांच्या घोळक्यात काही दिवस ठेवले तर ते करू लागतात. नर एकटे वाढवले की घोळक्यात, ही वहीतली नोंद किती मोलाची आहे, हे या एका प्रयोगावरून ध्यानात यावे. मॉर्गन यांना सापडलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या जनुकाचीही गोष्ट अशीच आहे: शांग-डिंग झांग आणि वॉर्ड ओडनवाल्ड यांनी १९९५ साली ते जनुक माशीच्या सर्व शरीरात एकाच वेळी कार्यरत केले, तेव्हा नरांच्या साखळ्या दिसू लागल्या, आणि पाऊण शतकाहून अधिक काळ डोळ्याच्या रंगाचे म्हणून शिकवल्या गेलेल्या जनुकाचा मेंदूशीही संबंध असल्याचे समोर आले.

नर दुसऱ्या नरापासून मागे का फिरतो, याचे उत्तर मुख्यतः वास आणि चव यांत आहे. सिस-व्हॅक्सेनिल ॲसिटेट नावाचा पदार्थ नराच्या शरीरात तयार होतो आणि मिलनाच्या वेळी मादीला दिला जातो, त्यामुळे मिलन झालेल्या मादीच्या अंगालाही त्याचा वास राहतो आणि नंतर येणारा नर तिच्यापासून परावृत्त होतो. हा वास ओळखणारा ग्राही, म्हणजे चेतापेशीच्या पृष्ठभागावर वासाचा रेणू पकडणारे प्रथिन, ओआर ६७ डी या नावाने ओळखला जातो, आणि तो नसलेले नर इतर नरांचेही प्रणयाराधन करतात, असे २००७ साली डिक्सन यांच्याच गटाने दाखवले. त्वचेवरचे मेणासारखे पदार्थही असेच काम करतात: नराच्या अंगावर ७-ट्रायकोसीन अधिक असते, मादीच्या अंगावर वेगळी मेणे असतात, आणि नर पुढच्या पायाने जो हलका स्पर्श करतो तो खरे पाहता चव घेणे असते, कारण त्या पायांवरच चवीचे ग्राही आहेत. त्यांपैकी जीआर ३२ ए हा ग्राही काढून टाकला की नराला दुसऱ्या नराची मनाई करणारी खूण कळत नाही.

वास आणि चव यांच्या आनुवंशिकीचा पाया घालण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे आणि महाराष्ट्रातील वाचकाला तो ठाऊक असावा. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा गट स्थापन केला. सत्तरच्या दशकात तिथे माशीच्या चेतासंस्थेचे काम सुरू झाले आणि सिद्दीकी व त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास व चव न कळणारे उत्परिवर्ती वाण शोधून काढले. कुलाब्याच्या समुद्रकाठी ज्या रीतीने हे वाण निवडले गेले, म्हणजे माश्यांना दोन वाटांपैकी एक निवडू द्यायची आणि कोण कुठे जाते ते मोजायचे, ती रीत काचेच्या वाय आकाराच्या नळीने कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात करता येते. रॉड्रिग्ज यांचे २०१० साली निधन झाले. त्यांच्या कामाची ओळख पदवीच्या अभ्यासक्रमात एखाद्या प्रयोगाच्या रूपाने राहावी असे वाटते.

माशीच्या नळीतून बाहेर पडून अभ्यासक कपाशीच्या शेतात जातो तेव्हा हेच ज्ञान त्याला वेगळ्या वेशात भेटते. १९५९ साली आडोल्फ बुटेनान्ट यांनी रेशीमकीटकाच्या मादीचा नराला बोलावणारा गंध वेगळा केला आणि त्याच वर्षी अशा पदार्थांसाठी फेरोमोन ही संज्ञा रूढ झाली. मराठी शेतकऱ्याने त्याला कामगंध म्हटले. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा कामगंध १९७३ साली ओळखला गेला, तो दोन जवळजवळ सारख्या रेणूंचे मिश्रण असून त्याला गॉसिप्ल्युअर म्हणतात, आणि रबरी गोळीत तो भरून लावलेला सापळा यवतमाळ, राळेगाव, घाटंजी, केळापूर, वणी भागांतल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. हेक्टरी ५ सापळे लावावेत आणि सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा, अशी शिफारस असते. सापळ्यात येणारे पतंग सर्व नर असतात. त्यांच्यासमोर मादी नसते, मादीचा आकार नसतो, पंख नसतो, आवाज नसतो. रबराची एक गोळी आणि तिचा वास एवढेच असते, आणि तेवढ्यावर तो नर रात्रीच्या अंधारात येऊन पडतो. ज्याने प्रयोगशाळेत नराला नरामागे जाताना पाहिले आहे, त्याला या दृश्यात काहीही विचित्र वाटत नाही: कीटकाचे आकर्षण समोरच्या संपूर्ण देहाकडे नसते, काही थोड्या खुणांकडे असते, आणि त्या खुणा हलवल्या, पुसल्या किंवा दुसरीकडे लावल्या की आकर्षणही हलते.

या ज्ञानाची किंमत यवतमाळ जिल्ह्याला फार कठोरपणे कळलेली आहे. २०१७ सालच्या हंगामात बोंडअळीचा प्रादुर्भाव वाढला, फवारण्या वाढल्या, आणि कीटकनाशकांच्या विषबाधेने या एका जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. संपूर्ण शेतात कामगंध पसरवून नराला मादीचा माग लागू न देणे, ज्याला मिलनात अडथळा आणण्याची पद्धत म्हणतात, तिचा उपयोग करून, वांझ केलेले पतंग सोडून आणि बीटी कपाशीची जोड देऊन अमेरिकेने २०१८ साली गुलाबी बोंडअळी आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथली जमीनधारणा, सिंचन आणि एकाच वेळी सगळ्या पट्ट्यात उपाय करण्याची व्यवस्था इथल्यापेक्षा निराळी आहे, त्यामुळे तो मार्ग तसाच उचलता येणार नाही. पण अंगावर विष उडवून घेत फवारणी करणाऱ्या मजुराच्या हाती एखादी फवारणी टाळण्याचे साधन येत असेल, तर नर कीटक कशाला भुलतो याचा अभ्यास निरुपयोगी आहे असे या जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये.

वर्गात हा विषय शिकवताना चर्चा माणसाकडे वळतेच, आणि ती टाळणे शिक्षकाला शोभणारे नाही. गिल यांच्या टिपणाच्या शीर्षकातच या नरांचे वर्तन असामान्य म्हटलेले आहे, आणि त्यानंतर कित्येक वर्षे शास्त्रीय लेखनात समलिंगी वर्तनाला दोष, चूक किंवा गोंधळ असेच संबोधले गेले. २०१९ साली ज्युलिया मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजूने विचार मांडला: प्राण्यांच्या आदिम पूर्वजांत नर-मादी असा भेद न करताच मिलनाचा प्रयत्न होत असावा, भेद ओळखण्याची यंत्रणा नंतर घडली असावी, आणि म्हणून समलिंगी वर्तन कसे उपजले यापेक्षा केवळ विषमलिंगी वर्तन कसे उपजले हा प्रश्न अधिक खरा असावा. हे गृहीतक आहे, सिद्धांत नव्हे. परंतु अनेक प्राणिगटांत आढळणाऱ्या या वर्तनाकडे पाहण्याची दिशा त्याने बदलली आहे. कोवळ्या नरामागे जाणारा प्रौढ नर ज्याने प्रत्यक्ष पाहिला आहे, त्याचे मन ते पटण्याकडे झुकते.

तरीही माशीवरून माणसाचा निवाडा करू नये, मग तो बाजूने असो की विरुद्ध. माशीत असे वर्तन दिसते म्हणून माणसातले समलिंगी प्रेम मान्य करावे, हा युक्तिवाद सद्हेतूने केला तरी दुबळा आहे, कारण उद्या एखाद्या प्राण्यात ते दिसले नाही तर तेवढ्यावर तो कोसळेल. महाराष्ट्रात या विषयावर उघडपणे बोलण्याची परंपरा माशीतल्या नर-नर वर्तनाच्या प्रयोगांपेक्षा जुनी आहे: रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, समलिंगी संबंधांसंबंधीच्या प्रश्नांनाही, उत्तरे दिली, त्यासाठी त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात मांडली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले तेव्हा त्याचा आधार राज्यघटनेतील समता, प्रतिष्ठा आणि खाजगीपण यांत होता. यवतमाळच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आपल्याविषयी प्रश्न पडला असेल, तर त्याला माशीचे उदाहरण देऊन धीर द्यावा लागू नये. त्याच्या प्रतिष्ठेची ग्वाही घटनेने दिलेली आहे आणि शिक्षकाने ती तितक्याच स्पष्टपणे सांगावी. माशीविषयी बोलायचे तेव्हा माशीविषयीच बोलावे, आणि शिक्षकाने 'विकृत', 'नैसर्गिक', 'अनैसर्गिक' असे शब्द निरीक्षणाच्या रकान्यात उतरू देऊ नयेत.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना करता येण्याजोगे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे. मेलानोगॅस्टरवर जगभर एवढे काम झाले असले, तरी भारतात घरोघरी आढळणारी ड्रोसोफिला अनानासे ही जात, किंवा पांढऱ्या पट्ट्यांमुळे नजरेत भरणारी आणि १९७० साली भारतातूनच प्रथम वर्णिली गेलेली झाप्रिओनस इंडियानस ही जवळच्या प्रजातीची माशी, या दोन्ही संत्र्याच्या किंवा केळ्याच्या सालीने भरलेली बाटली फळबाजाराजवळ ठेवली की पकडता येतात. त्यांच्या नरांसमोर कोवळा नर, प्रौढ नर, कुमारी मादी आणि मिलन झालेली मादी असे चारही साथीदार पाळीपाळीने सोडावेत. वाढवण्याची रीत, माशीचे वय, तापमान आणि दिवसाची वेळ लिहावी, कारण माश्या सकाळी व संध्याकाळी अधिक चपळ असतात. आणि प्रणयाच्या प्रत्येक पायरीसाठी वेगळा रकाना ठेवून, नराने नराला केवळ एकदा पायाने शिवले असले तरी तो स्पर्श सेकंदांत मोजून त्या रकान्यात लिहावा. यासाठी एक भिंग, एक घड्याळ, रवा-गुळाचे माध्यम आणि कापसाचे बोळे पुरतात, आणि दिवाळीच्या सुटीनंतरच्या सत्रात एका वर्गाला ते सहज आटोपता येते.